अठ्ठेचाळीस ठोकळे

१४ फेब्रुवारी

बारक्या,

आधी ‘प्रिय’ लिहिलं होतं. मग कागदच बदलला, कारण नुसतं खोडलं असतं तर तुला ते दिसलं असतं आणि तू म्हणाला असतास, ताई विरघळली. विरघळलेली नाहीये.

अकरा वेळा फोन केला. अकराही वेळा वाजून वाजून बंद पडला. वहिनीला विचारलं तर ती म्हणते, “परगावच्या साइटवर आवाज असतो हो ताई, ऐकू येत नसेल.” तुझ्या बायकोचा तुझ्यावर अजून विश्वास आहे, जप तो. फोन कापता येतो म्हणून पत्र लिहितेय. पत्र फाडायच्या आधी माणूस निदान पहिल्या चार ओळी वाचतोच. म्हणजे मुद्दा चौथ्या ओळीत यायला हवा होता, पण रागाच्या भरात तेही राहिलं.

मुद्दा हा: शाळेच्या नव्या हॉलच्या छताखाली, भिंतीच्या डोक्यावर, तू ठोकळे बसवलेस की नाहीस?

सोमवारी शिपाईमामांचा फोन आला. “बाई, वारा सुटला की हॉलमध्ये वरून पीठ पडतंय. पुसलं की परत पडतंय. गंमत म्हणजे दोन्ही लांब भिंतींच्या कडेच्या खुर्च्यांवरच पडतं, मधल्या खुर्च्या अगदी स्वच्छ.” त्यांना गंमत वाटली. मला नाही. पीठ म्हणजे भिंतीच्या वरच्या थरातलं सिमेंट. ते घासलं जातंय, म्हणजे वर काहीतरी हलतंय. आणि जिथे काही हलायला नको, नेमकं तिथेच हलतंय.

विसरला असशील तर पुन्हा सांगते. तुझ्या पहिल्या छताच्या वेळी हेच मी पुठ्ठ्यावर काढून दाखवलं होतं आणि तू “समजलं गं, समजलं” करत अर्धं ऐकलं होतंस. छताचा पत्रा भिंतीवर टेकत नाही. पत्रा टेकतो लोखंडी जॉइस्टवर, म्हणजे आडव्या तुळयांवर, आणि जॉइस्टची बैठक टेकते भिंतीवर. म्हणजे पत्रा आणि भिंत यांच्यामध्ये अडीच इंच नुसती हवा. छताचं वजन खाली यायला तेवढ्या बैठका पुरतात. पण वारा आखूड भिंतीवर आपटला की सगळं छत लांबीच्या दिशेनं सरकायला बघतं. तो आडवा जोर लांब भिंतींनी घ्यायचा असतो. पण पत्र्यातला जोर भिंतीत उतरणार कुठून? बैठका उंच आणि अरुंद, आडव्या ढकलल्या की कलंडतात. म्हणून दोन जॉइस्टमधल्या प्रत्येक फटीत एक लोखंडी ठोकळा, खाली भिंतीतल्या प्लेटला वेल्ड केलेला, वर पत्र्याला. पंचवीस जॉइस्ट, एका भिंतीवर चोवीस फटी, दोन भिंतींवर अठ्ठेचाळीस.

तू मला अठ्ठेचाळीस फोटो पाठवलेस. प्रत्येक ठोकळ्यावर खडूनं नंबर, आपले अण्णा विटांच्या थरांवर घालायचे तसा. मी गुडघ्याचं ऑपरेशन होऊन घरी पडले होते, शिडी चढणं शक्य नव्हतं. नाहीतर हातोडी घेऊन एकेक ठोकळा वाजवल्याशिवाय इंजिनिअर म्हणून मी आजवर एकाही छतावर सही केलेली नाही. तुझे लोक मला मागून ‘टकटकबाई’ म्हणतात हेही मला माहीत आहे. या एकाच वेळी टकटक केली नाही. म्हटलं, आपला माणूस आहे. फोटो पाहिले आणि सही केली.

काल ते सगळे फोटो टेबलावर मांडले आणि भिंग घेऊन बसले. बारा नंबरच्या ठोकळ्याखाली सिमेंटचा एक ओघळ आहे, टोकाला वाकलेला, चमच्यासारखा. एकतीस नंबरखाली तोच ओघळ. चव्वेचाळीसखाली तोच. माझ्या मोजणीप्रमाणे अठ्ठेचाळीस फोटोंमध्ये ठोकळे फक्त सात आहेत. खडू पुसायचा, नवा नंबर घालायचा, कॅमेरा जरा वाकडा करायचा आणि पुन्हा फोटो. केवढी मेहनत रे!

माझं चुकत असेल तर मी तुझे पाय धरीन. एका ओळीत कळव, बसवलेस की नाहीस. त्या हॉलमध्ये तीनशे पोरं बसतात आणि त्यातली एक तुझी आहे.

जिनं सही केली ती,
ताई


२० फेब्रुवारी

बारक्या,

उत्तर नाही. बरं.

परवा मी शिडी चढले. डॉक्टरांनी अजून दोन महिने नको म्हटलंय, पण डॉक्टरांनी छतावर सही केलेली नाही. शिपाईमामा शिडी धरून खाली उभे होते आणि दर पायरीला “बाई, हळू” म्हणत होते. चौदा पायऱ्या, चौदा वेळा “बाई, हळू”. वर पोचेपर्यंत मीच त्यांच्यावर खेकसले. मग सॉरी म्हटलं. खेकसायचं होतं ते दुसऱ्याच कुणावर तरी.

छताखालच्या सीलिंगच्या पांढऱ्या चौकोनांतला एक सरकवला आणि बॅटरी आत मारली. दाराच्या बाजूला सात ठोकळे, ओळीनं, सुरेख. वेल्डिंग तर असं की फोटो काढावा. काढलाच होतास म्हणा. आठवी फट रिकामी, नववी रिकामी. तिथून थेट दुसऱ्या टोकापर्यंत बॅटरीचा उजेड सरळ आरपार गेला, कुठे अडलाच नाही. अडायलाच तर हवा होता. समोरच्या भिंतीवर चोवीसच्या चोवीस फटी रिकाम्या. शिडी तिकडे लावून एका बैठकीखालचं सिमेंट मी बोटानं खरवडलं तर भाजलेल्या पावासारखा त्याचा चुरा हातात आला.

शिडीवर उभ्याउभ्याच मला रडू आलं. मामांना वाटलं गुडघा दुखतोय.

तिथून तुझ्या वर्कशॉपवर गेले. मिस्त्रींनी माझा चेहरा पाहिला आणि वेल्डिंगचा चष्मा डोक्यावर सरकवून स्टुल पुढे केलं. त्यांना मी काही विचारायच्या आधीच ते बोलायला लागले, जणू चार महिने कुणीतरी विचारावं म्हणूनच थांबले होते. पत्रा बसवणारी टोळी दोन दिवस आधी आली. ठोकळे सातच लागले होते. “थांबा” म्हणायचं सोडून तू त्यांना म्हणालास, “चढवा.” पत्रा एकदा वर बसला की त्या अडीच इंचात वेल्डिंगचा होल्डर शिरत नाही, हे मिस्त्रींनी तुला तिथल्या तिथे सांगितलं. कडेचा पत्रा परत उचलावा लागला असता, आठवडा गेला असता. उद्घाटनाची तारीख ठरलेली. तू म्हणालास, “ताईला मी सांगतो, ती काहीतरी मार्ग काढेल.”

मिस्त्री म्हणाले, “मला वाटलं तुम्हाला ठाऊक आहे, आणि तुम्ही चालेल म्हणालात.” चार महिने तो माणूस मलाही तुझ्यासारखंच समजत होता.

मग त्यांनी बाकाखालून एक पोतं ओढून काढलं. आत एक्केचाळीस ठोकळे. सगळे मापात कापलेले, कडा घासलेल्या, प्रत्येकावर तुझ्या हातचा खडूचा नंबर, आठपासून अठ्ठेचाळीसपर्यंत. म्हणजे बसवायचे होते तुला. कापताना तरी तू प्रामाणिक होतास. हे बघून मला बरं वाटायला हवं होतं का रे? मला उलट जास्तच लागलं. लबाडच निघाला असतास तर दोन शिव्या घालून मोकळी झाले असते.

तू नुसता मला सांगायला घाबरलास. मी ओरडले असते, हे खरं. दोन दिवस धुसफुसले असते, चारचौघांत तुझा कान उपटला असता. पण पत्रा उचलायला तुझ्याबरोबर उभी राहिले असते. कधी नव्हते उभी राहिले?

शाळेला अजून खरं सांगितलेलं नाही. मुख्याध्यापिकाबाईंना एवढंच म्हटलं की छताची पाहणी चालू आहे, चार दिवस हॉल बंद ठेवा. त्यांनी लगेच कुलूप लावलं, एक प्रश्नही विचारला नाही. माझ्या शब्दाला मान आहे ना त्या शाळेत.

ताई


२६ फेब्रुवारी

बारक्या,

आलं तुझं उत्तर. पत्राला उत्तर मोबाइलवर, तेही चार ओळींचं. मी ते आता इतक्या वेळा वाचलंय की पाठ झालंय. “ताई रागावू नकोस. सात ठोकळे आहेत, बाकी जॉइस्टची वेल्डिंग आहे, धरून राहील. इथली नोकरी नुकतीच लागलीय, आत्ता माझं नाव कुठे येऊ देऊ नकोस. मिस्त्रींना घेऊन सुट्टीत गुपचूप करून घे.”

गुपचूप! तीस मीटर लांबीच्या छताचा कडेचा पत्रा दोन्ही बाजूंनी उचलायचा आणि तो गुपचूप! काय, वर चादर धरायची का?

आणि ‘धरून राहील’ हे कुणी सांगितलं तुला? मी आकडे मांडले. सातही ठोकळे एकाच भिंतीवर आणि तेही एका टोकाला. समोरच्या भिंतीचा सगळा जोर नुसत्या बैठकांवर. साध्या वाऱ्यात त्या डुलतात, म्हणून पीठ पडतं. मोठा वारा आला तर आडव्या होतील, आणि आडव्या होताना भिंतीचा वरचा थर ढकलून बाहेर काढतील. मग जॉइस्टला टेकायला काही उरत नाही. पुढचं लिहीत नाही, तुला कळतं. कळत नाही असं आता तरी म्हणू नकोस.

दहा मार्चला शाळेची परीक्षा सुरू होतेय. तीनशे पोरांना एकत्र बसवता येईल अशी त्यांच्याकडे ती एकच जागा, त्यासाठीच तर हॉल बांधला. मुख्याध्यापिकाबाईंनी आज विचारलं, “पाहणी संपली का हो? बाकं लावायला घेऊ?” मी म्हटलं, “दोन दिवसांत सांगते.” फोन ठेवला आणि स्वतःचीच लाज वाटली. आता मीही तुझ्यासारखीच ‘सांगते, सांगते’ करायला लागले.

खरं सांगितलं तर माझा परवाना जातो. बावीस वर्षं सांभाळलेली सही आहे ती. तुझं काय होईल ते मी लिहीत नाही, कारण तुझ्या चार ओळींपैकी दोन त्याच्यावरच होत्या, म्हणजे तुला ते माहीत आहे. त्या चार ओळींत पोरांबद्दल एक अक्षर नव्हतं. तुझ्या चिमीबद्दलही नव्हतं. मला वाटलं होतं, निदान तिच्याबद्दल विचारशील.

आता एक गोष्ट, जी मी पहिल्या पत्रात लपवली. मी लिहिलं होतं की ओघळ काल दिसला. खोटं आहे ते. तो ओघळ मी सही करायच्या दिवशीच पाहिला होता. पलंगावर बसले होते, पाय उशीवर, हातात चहा. बारा नंबरचा फोटो पाहिला, मग एकतीस नंबरचा आला, आणि हात थांबला. मनात म्हटलं, गवंडी एकच, हात एकच, ओघळही सारखेच पडायचे. असं मला वाटलं नाही, मी ते वाटून घेतलं. तुला फोन करून “हे काय रे?” विचारायला अर्धं मिनिट लागलं असतं. पण विचारलं असतं तर तू काय म्हणशील याची भीती मलाही वाटली. चहा संपवला आणि सही केली.

हे तुला आनंद व्हावा म्हणून लिहीत नाहीये. ताईनंही डोळेझाक केली, म्हणजे फिट्टंफाट, असं समजू नकोस. मी डोळे मिटले ते तुझ्या भरवशावर.

ताई


१ मार्च

आज तुला हाक मारायला शब्दच सापडत नाहीये, तेव्हा असंच सुरू करते.

चिमी काल शाळा सुटल्यावर माझ्याकडे आली होती. वहिनीला उशीर होणार होता. मी टेबलावर हॉलचे नकाशे पसरून बसले होते. तिनं विचारलं, “आत्या, हे आमच्या हॉलचं आहे ना? तो बंद का केला?” मी म्हटलं, ये, तुला गंमत दाखवते. तिच्या कंपासपेटीचं झाकण काढलं. तिच्याकडे खोडरबर किती आहेत माहीत आहे तुला? नऊ. त्यातले सहा अरुंद बाजूवर उभे केले, तीन-तीनच्या दोन रांगा, आणि वर झाकण ठेवलं. “हे छत. वरून दाब बघू.” तिनं दाबलं, काही झालं नाही. “आता बाजूनं ढकल.” तिनं एका बोटानं ढकललं, तर सगळे खोडरबर कलंडले आणि झाकण धाडकन खाली आलं.

ती खूष. पाच वेळा पाडलं. सहाव्यांदा तिनं उरलेले खोडरबर आणि शार्पनर त्या फटींमध्ये घट्ट खोचले, ढकलून बघितलं आणि म्हणाली, “हे बघ, आता नाही पडत. एवढं सोपं तर आहे!”

चौथीतल्या मुलीला दोन मिनिटांत कळलं. मला तिचा इतका अभिमान वाटला की तुझा राग क्षणभर विसरले. आणि तेवढ्यात ती म्हणाली, “अच्छा, म्हणून बाबा म्हणाले होते.”

“काय म्हणाले होते?”

“वारा असला की हॉलमध्ये बसायचं नाही. पोटात दुखतंय सांगायचं आणि वर्गात जाऊन बसायचं.”

“कधी सांगितलं असं?”

“जाताना, गाडी सुटायच्या आधी. कुणाला सांगायचं नाही, आईला पण नाही म्हणाले. आत्या, तू सांगू नकोस हं त्यांना, मी सांगितलं म्हणून.”

सांगणार नाही म्हटलं. हा बघ, मीही शब्द मोडला. पण तू तिच्यावर एका शब्दानं चिडलास ना, तर माझ्याशी गाठ आहे.

चार वेळा त्या पोरीच्या पोटात दुखलंय या दोन महिन्यांत. वहिनी तिला दोनदा डॉक्टरकडे घेऊन गेली. रक्त तपासलं, जंतांचं औषध दिलं, बाहेरचं खाणं बंद केलं. ती माउली काळजीनं निम्मी झालीय आणि तुझ्या मुलीनं तोंडातून चकार शब्द काढला नाही, कारण बाबांनी सांगितलं होतं.

म्हणजे ‘धरून राहील’ असं तुला कधी वाटलंच नव्हतं. तुला सगळं नीट माहीत होतं. तीनशेमधली एक तू हळूच उचलून बाजूला ठेवलीस आणि बाकीच्या दोनशे नव्व्याण्णवांना तसंच बसू दिलंस. मी तुला भित्रा समजत होते. भित्र्या माणसाची मी बाजू घेतली असती. मनातल्या मनात घेतही होते, खोटं कशाला बोलू? गेल्या आठवड्यात तर ‘गुपचूप’चा हिशोबही करून बघितला होता, सुट्टी कधी लागते, पत्रा किती दिवसांत निघेल. ते कागद आज फाडले.

आणि काल रात्रभर एकच चित्र डोळ्यांसमोर. उद्घाटनाचा दिवस. तू मला काठीसकट धरून आणलंस, पहिल्या रांगेत, भिंतीच्या कडेच्या खुर्चीवर बसवलंस, पायाखाली छोटं स्टुल ठेवलंस. सगळे म्हणाले, भाऊ असावा तर असा. आणि तू स्वतः? तू पूर्ण वेळ मागे दारापाशी उभा होतास. मी खूण केली, ये, बस. तू मान हलवलीस. मला वाटलं लाजतोय, कौतुक सहन होत नाहीये बिचाऱ्याला. बाहेर वारा होता त्या दिवशी. तू दारापाशी का उभा होतास ते मला काल कळलं.

चिमीला तरी वर्गात पाठवलंस. मला स्टुल दिलंस.

उद्या सकाळी मुख्याध्यापिकाबाईंकडे जातेय, तिथून परवान्याच्या कार्यालयात. नावं दोन्ही देणार. आधी माझं, मग तुझं.


१२ मार्च

बारक्या,

वहिनीला तुझा फोन गेला म्हणे. म्हणजे साइटवरचा आवाज थांबलेला दिसतोय. मी घरचं चव्हाट्यावर मांडलं, असं तू म्हणालास. वहिनीनं मला ते जसंच्या तसं सांगितलं, स्वतःचं काही जोडलं नाही. तिनं तुला एकच विचारलं म्हणे, “तिच्या पोटात खरंच दुखत नव्हतं ना?” आणि तू फोन ठेवलास.

कार्यालयात एक अर्ज भरायचा असतो. ‘प्रत्यक्ष पाहणी केली होती का?’ लिहिलं, नाही. ‘कोणाच्या सांगण्यावरून सही केली?’ लिहिलं, भावाच्या. तिथला कारकून भला माणूस होता. म्हणाला, “बाई, नातं लिहायची गरज नाही, नुसतं ठेकेदार लिहा.” मी म्हटलं, “ठेकेदाराच्या सांगण्यावरून मी कधीच सही केली नसती.” त्यानं पेन खाली ठेवलं आणि मला पाणी आणून दिलं.

परवाना वर्षभरासाठी काढून घेतलाय, चौकशी चालू राहील. तुला नोटीस येईल.

मुख्याध्यापिकाबाई ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “तुम्ही पहिल्या दिवशी मला पाहणी म्हणालात. तुम्हाला तेव्हा माहीत होतं.” मी हो म्हटलं. त्या म्हणाल्या, “मी पालकांना काय सांगू?” मी म्हटलं, माझं नाव सांगा. त्यांनी परीक्षा वर्गांमध्ये आणि व्हरांड्यात वाटून टाकली. मला दारापर्यंत सोडायला नेहमी येतात, या वेळी आल्या नाहीत.

आता काल काय झालं ते ऐक. परीक्षेचा दुसरा दिवस, सकाळचे अकरा. मी घरी होते. वारा असा उठला की माझ्या खिडकीची काच थरथरायला लागली. मी तशीच लंगडत निघाले. शाळेत पोचले तर पोरं वर्गात खाली माना घालून पेपर लिहीत होती, बाई खिडक्या लावत होत्या. आणि हॉलमधून आवाज येत होता, कुणी जड कपाट ओढतंय असा. शिपाईमामांनी मला दारापाशीच अडवलं. आम्ही काचेतून बघत राहिलो. समोरच्या भिंतीचा वरचा थर तीन जॉइस्टच्या लांबीइतका बाहेर ढकलला गेला, छताखालचे पांढरे चौकोन पत्त्यांसारखे खाली आले, आणि एक जॉइस्ट वीतभर खचून तिरका झाला आणि तसाच थांबला. छत पडलं नाही. पण भिंतीच्या कडेची पहिली रांग होती ना, तिथे भिंतीतल्या सिमेंटच्या विटांचे तुकडे पडले. मी बसले होते ती खुर्ची त्यात आहे. त्या रांगेत परीक्षेला सव्वीस पोरं बसणार होती.

मामा म्हणाले, “बाई, कुलूप होतं म्हणून.” आणि तिथेच पायरीवर बसले.

सगळी पोरं वर्गात होती. चिमीही त्यांच्यातच होती, पोटात न दुखता.

तू म्हणशील, बघ, कुणाला काही झालं नाही. म्हणून तर तू हे पत्र वाचू शकतोयस. मी ते खुनी म्हणून लिहीत नाहीये आणि तू खुनी म्हणून वाचत नाहीयेस, एवढाच फरक आहे.

ताई


२२ एप्रिल

बारक्या,

हे शेवटचं. पुढे लिहायचं की नाही, ते तू काय करतोस त्यावर.

हॉल दुरुस्त झाला. दुसरे इंजिनिअर नेमले शाळेनं, तरुण आहेत, काटेकोर. भिंतीचा वरचा थर नवा, कडेचा पत्रा दोन्ही बाजूंनी उचलला. मिस्त्री कुणी न बोलावता आले. ते पोतं घेऊन आले. इंजिनिअरनी सगळे ठोकळे मापून बघितले आणि म्हणाले, “कुणी कापलेत? उत्तम आहेत.” मिस्त्रींनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, “माझ्या भावानं.” तुझेच एक्केचाळीस ठोकळे आता वर आहेत, तुझ्याच नंबरांनिशी. ज्या फटीसाठी जो कापला होतास तो तिथेच बसला.

वर जायची मला परवानगी नाही. मी खाली उभी होते. ते वरून हातोडीनं वाजवत गेले आणि मी खालून मोजत गेले. अठ्ठेचाळीस. प्रत्येकाचा आवाज भरीव. मिस्त्री वरून ओरडले, “टकटकबाई, झालं का समाधान?” तोंडावर म्हणायची त्यांची ही पहिलीच वेळ.

काल पोरं आत गेली. बाहेर वारा होता, आणि मी मुद्दाम तोच दिवस निवडून गेले होते. कडेच्या खुर्च्यांवर हात फिरवून बघितला, कणभर पीठ नाही. तीनशे पोरांचा काय तो गोंगाट! आणि चिमी दारात उभी. आत येईना. बाई बोलावून थकल्या. मी गेले.

“चिमे, चल की आत. आता पक्कं आहे.”

“कोण म्हणतं?”

“मी म्हणते.”

तिनं वर छताकडे बघितलं. मग म्हणाली, “आत्या, तू उद्घाटनाच्या वेळी पण म्हणाली होतीस.”

मी म्हटलं, मग बाबांना फोन लावून देऊ का, ते सांगतील. तर म्हणते, “फोनवर नको. फोनवर ते काहीही सांगतात.”

नऊ वर्षांची आहे रे ती. खोडरबर खोचून छत उभं करणारी पोर, तिला ठोकळे कळतात, हातोडीचा आवाज कळतो, सगळं कळतं. पण आत पाऊल टाकायला कुणाचातरी शब्द लागतो, आणि तिच्या दोन्ही माणसांचे शब्द आपण वापरून संपवले. ती तासभर दारात उभी राहिली. मीही राहिले तिच्याबरोबर. शेवटी मी विचारलं, “काय केलं म्हणजे तू आत जाशील?” ती म्हणाली, “बाबा स्वतः आत उभे राहिले तर. वारा असताना.”

तेव्हा सुट्टी माग. नोकरी जाईल म्हणतील, जाऊ दे. नोटिशीसाठी तुला यावंच लागणार आहे, पण मी त्यासाठी बोलवत नाहीये. मला तोंड दाखवू नये असं वाटलं तर नको दाखवूस, माझा राग अजून गेलेला नाही आणि कधी जाईल ते मला माहीत नाही. तू तिच्यासाठी ये. चांगला वारा सुटलेला दिवस बघ. तिचा हात धर, आत जा, आणि मध्ये नाही, भिंतीच्या कडेच्या खुर्चीवर बस, जिथे मला बसवलं होतंस.

दारापाशी उभं राहायचं नाही.

ताई